उरुआनचं नाव

क्रीक टाउन,
१२ ऑगस्ट १९६३

प्रिय एफिओमदादा,

नमस्कार. आम्ही सारे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. लागोसच्या गोदीतलं तुझं काम कसं चाललंय? इथे नदी फुगली आहे, छप्पर गळतंय, आणि मला दोन घटका एका जागी बसवत नाही.

माझ्या न्कोयोचं लग्न मोडायच्या बेताला आलंय. तिचे वडील गेल्यापासून तिचं घर हेच. लग्नाआधी मुलींना पुष्ट करायच्या खोलीत बसून, खाऊनपिऊन पोरगी छान गुबगुबीत झाली, आणि शनिवारी मुलाकडचे उरुआनहून आले. आन्साकाकांनी जमिनीवर पेल्यातली जिन ओतत पूर्वजांना हाका मारल्या. आपले लोक कुठून कुठे आले ते म्हणत गेले: इबोम, मग एकदम इक्पा एने, न्दोदोघी, क्रीक टाउन. मधलं उरुआन गाळलं! सोयरे समोर बसलेले असताना!

मुलाच्या आजोबांनी पेला खाली ठेवला. "आमच्या मातीत तुमच्या आज्यांच्या नाळा पुरल्यात. तिचं नाव घेताना जीभ झडते का?"

"तुमची उसनी नेलेली कुऱ्हाड मोडली, एवढ्यावरून हाकललंत आम्हाला!" काका कडाडले.

"मग भरून द्यायची होती!"

कधीच्या काळची ती कुऱ्हाड, दादा! आजोबा तरातरा निघून गेले. उरुआनचं नाव घेऊन पुन्हा ओतल्याशिवाय ते सोयरीक मानणार नाहीत. न्कोयोने अन्न टाकलंय. मी काकांच्या पाया पडले, तर म्हणतात, "माझ्या तोंडून ते नाव निघायचं नाही. एफिओम आला तर ओतू दे त्याला. मी भिंतीकडे तोंड करून बसेन." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काकांनंतर घरात वडील तूच. म्हणून ये.

एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतेय. नवरा मुलगा इमाचा आहे. हो, तुझ्या इमाचा. उरुआनची मुलगी या घरात नको म्हणून काकांनी तुला अडवलं आणि तू बोटीत बसलास, तो पुन्हा उंबरा ओलांडला नाहीस. शनिवारी निघताना ती माझ्यापाशी थांबली. "एफिओम बरा आहे ना ग?" एवढंच म्हणाली. मला रडू आलं.

तुला जड जाईल, कळतंय मला. तरी ये. महिनाअखेरीच्या शनिवारी मी त्यांना पुन्हा बोलावलंय. तू आला नाहीस तर पेला मी उचलेन. बाईने ओतलेलं पूर्वजांना चालतं की नाही, ते मी त्यांनाच विचारेन. पण तुझ्यासारखं माझ्या पोरीला रिकाम्या हाताने घर सोडू देणार नाही.

वाट पाहून पाहून चिडलेली,
तरीही तुझीच बहीण,
इक्वो