जिवंत माणसाचा शोकसंदेश

सोमवार, ७ जुलै २०२५

गेलं माझं काम! ऑफिसातले शोकसंदेश आजपासून मशीन लिहिणार. इतकी वर्षं रिटायर्ड माणूस वारला की त्याच्या घरी जाणारं पत्र मी लिहायची. दोन-दोन दिवस लागायचे — याला फोन, त्याला विचार, माणूस कसा होता. आज शेखर साहेबांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि माझा चहा निवायच्या आत पत्र तयार! "देखिए सुनीती मॅडम, एआय का कमाल!" वाचलं. छानच होतं, मेलं. मला आता उरलं पाकिटं चिकटवणं.

बुधवार, ९ जुलै

मशीनच्या हिंदी पत्रात जो मेला तो 'कर्मठ', म्हणजे मेहनती, आणि 'मृदुभाषी'. आज हिरालाल ड्रायव्हर मृदुभाषी झाले! त्यांच्या शिव्यांनी पार्किंगमधली कुत्री उठायची.

मंगळवार, १५ जुलै

दोन दिवस सुट्टी घेतली आणि केवढा घोळ! आमचे जुने शिपाई लहानूभाऊ, बीरगावचे — चांगले जिवंत — त्यांच्या घरी त्यांच्याच निधनाचं पत्र! वारले ते दुसरे लहानू, भिलाईचे. मशीनने नावाला नाव जुळवलं, साहेबांनी न वाचता सही ठोकली.

वरून फोन आला — जबाबदार कोण? साहेबांनी आधी कॉम्प्युटरकडे बघितलं. पण मशीनला कारणे दाखवा नोटीस कशी देणार! मग मला दिली. मी सुट्टीवर होते म्हटलं, तर म्हणे, "पाकिटं तुमच्याकडेच आहेत ना?"

घरी यांना सांगितलं. हे म्हणतात, "उत्तरही मशीनकडूनच लिहून घे." हसू आलं, पण जेवण गेलं नाही. सर्व्हिस बुकात एक डाग नाही माझ्या.

गुरुवार, १७ जुलै

लहानूभाऊ आले! इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पत्र. अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं — निम्मं आदराने, निम्मं भीतीने. साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "भैया, बहुत बडी गलती हो गई."

"काहाची गलती, साहेब? तीस साल नोकरी केली. 'ए लहानू, पानी ला' — बस! अन् इथं पाहा, 'अपूरणीय क्षति'! माह्या जाण्यानं कोणाची क्षती होते, हे मलेच मालूम नव्हतं."

साहेबांनी तक्रारीसाठी कोरा कागद दिला. त्यांनी तो परत सरकवला. माझ्या नोटिशीचं त्यांना गेटवरच कळलं होतं. "तक्रार काहून? सुनीतीबाईची नोटीस तेवढी फाडा."

फाडली! आमच्यासमोर, चार तुकडे!

मग समोसे आले. मी म्हटलं, "भाऊ, पत्र माझं नाही बरं. मशीनचं आहे."

"मालूम आहे. तुमी लिवलं असतं तं माह्या बिड्या आल्या असत्या त्याच्यात!"

सगळे हसले. मला जरा लागलं. पण खरं आहे, बिड्या मी लिहिल्याच असत्या. आणि त्या मागायला मंत्र्यांच्या ड्रायव्हरकडे जायचे, तेही.

रविवार, २० जुलै

कलावतीबाईंचा फोन, लहानूभाऊंच्या पत्नीचा. पत्र घरी पोचलं त्याच दिवशी दोघं दवाखान्यातून परतले होते. भाऊ फार तर दिवाळीपर्यंत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. "घरी आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं त्यायनं. पत्र वाचलं अन् खदखदा हासले, बाई. म्हणे, कलावती, लोकं मेल्यावर वाचतात, मी आधीच वाचून राहिलो. मग शर्टाले इस्त्री कर म्हणाले."

उद्या ऑफिस नाही. बीरगाव.