तासाभराचं अंतर

आई,

झोपली आहेस म्हणून उठवत नाही. गोळ्या उशाशी आहेत, कुबडी पलंगाला टेकवली आहे. शेजारच्या काकू दुपारी डबा आणतील. त्यांना "कशाला उगाच" म्हणून परत पाठवू नकोस.

परवा तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा त्या तुला दवाखान्यात नेत होत्या. "राहू द्या, मुलगा तासावर तर आहे," म्हणालीस. ते मीच सांगितलं होतं, ही नोकरी धरताना, तू जाऊ द्यावंस म्हणून. तो तास विमानाचा होता गं, आणि विमान काही रोज नसतं. गाडीने नऊ तास लागले. तोवर सुजलेला पाय स्टुलावर ठेवून तू दाराकडे बघत बसलीस.

यापुढे कुणी विचारलं तर सरळ सांग, मुलगा लांब राहतो.

पोचलो की फोन करीन. तासाभरात वाट बघू नकोस.