शेजारची खुर्ची रिकामी नाही

सोमवार, ५ फेब्रुवारी १९९०

आजपासून आमच्या फिल्म सोसायटीचा सप्ताह. विषय : फिलिपिन्समधील स्वतंत्र चित्रपट. रोज एक, सायंकाळी साडेसहाला, नौपाड्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये.

संकल्प : एकही चित्रपट चुकवायचा नाही. वेळेपूर्वी पोहोचायचे. चित्रपट चालू असताना अक्षरही बोलायचे नाही. कोणी माझ्या पत्नीचा, उत्तराचा, विषय काढलाच, तर "ठीक आहे" म्हणून पुढे जायचे. ती श्रावणात गेली, त्याला सहा महिने होत आले. मी पूर्ण सावरलो आहे. ते लोकांनाही दिसले पाहिजे.

आमचे सभासदत्व जोडीचे आहे. पतिपत्नींचे एकच कार्ड आणि शेजारशेजारच्या दोन ठरावीक खुर्च्या. मुदत मार्चअखेरपर्यंत. म्हणून तिच्या खुर्चीवर तिची शाल ठेवली. यात भावनेचा प्रश्न नाही, नियमाचा आहे.

चित्रपट समुद्रकाठच्या गावाचा. बायका होडीची वाट पाहतात. इंग्रजी सबटायटल्स फार घाईने येतात आणि जातात. मध्येच कोणीतरी "ती म्हणतेय, ते आता परत येणार नाहीत" असे स्वच्छ मराठीत बोलले. आवाज माझा होता.

कारण सोपे आहे. कोर्टात भाषांतरकार म्हणून हयात गेली; इंग्रजी दिसले की मराठी बाहेर पडते. शिवाय उत्तराला इंग्रजी भरभर वाचता येत नसे. त्यामुळे प्रत्येक चित्रपट मी तिला कानात सांगत आलो. व्यावसायिक सवय, इतकेच. उद्यापासून बंद.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

तोंडात लवंग धरून बसलो. लवंग असली की जीभ जागेवर राहते.

आजचा चित्रपट विनोदी. कचऱ्याच्या डोंगरावर राहणारे एक कुटुंब कोंबडा विकायला निघते आणि कोंबडा पाद्रीबाबांच्या घरात शिरतो. हॉल हसत होता. मी सभ्यपणे स्मित केले. साधारण अर्ध्यावर, चित्रपट जरा रेंगाळला असता, डाव्या बाजूने स्पष्ट "मग?" ऐकू आले.

चित्रपट रेंगाळला की उत्तरा असेच विचारी. जणू तो मीच काढला आहे आणि पुढचे सांगायला टाळाटाळ करतो आहे.

वळून पाहिले. शाल होती. प्रोजेक्टर जुना झाला आहे, कुरकुरतो; त्याला तेल दिले पाहिजे. लवंग गिळली गेली. नंतरचा अर्धा चित्रपट मी सांगितला असावा, असे पुढच्या रांगेच्या वळलेल्या मानांवरून वाटते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सेक्रेटरी जगन दारातच भेटला. मुलगा कामसू आहे, मराठी मात्र वाईट. म्हणाला, "साहेब, कंप्लेंट आलीये. तुम्ही पिक्चरमध्ये बोलता."

मी विचारले, "कोणाशी?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग बुटांकडे. म्हणाला, "तोच तर प्रॉब्लेम आहे ना."

पुढे त्याने सुचवले की लोक भिंतीला टेकून उभे राहतात, तेव्हा ती एक खुर्ची मोकळी केली तर बरे. कार्डही एकट्याचे करून देतो म्हणाला. मी सोसायटीच्या घटनेतील कलम सांगितले. मार्चअखेरपर्यंत त्या खुर्चीचा हक्क अबाधित आहे. तो म्हणाला, "कलमाचं नाही हो, काका." 'साहेब'वरून 'काका'वर येणे मला आवडले नाही.

आजचा चित्रपट म्हणजे माहितीपट. तेथील डोंगरी लोकांत अशी चाल आहे की माणूस वारला की त्याला दाराशी खुर्चीवर बसवतात. पडू नये म्हणून कापडाने बांधतात. कित्येक दिवस. नातलग येतात, शेजारी बसतात, पिकाची, लग्नांची, गुरांची हकीकत त्याला सांगतात. एक म्हातारी तर त्याच्यावर रागावली, की तू काहीच बोलत नाहीस.

प्रथा मला मागासलेली वाटली. आरोग्याच्या दृष्टीनेही अयोग्य. मेलेल्या माणसाशी बोलून काय साधते? नेमके हेच मी उत्तराला समजावून सांगत होतो, तेव्हा पुढची संपूर्ण रांग मागे वळली. कोणी "श्श" केले नाही. केले असते तर बरे झाले असते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

गेलो नाही. सर्दी.

घर शांत होते. साडेसहाला दिवा मालवून आरामखुर्चीत पडलो, डोळ्यांना विश्रांती. माहितीपत्रकात आजच्या चित्रपटाचा सारांश होता, तो सकाळी वाचला होता. त्याची उजळणी करावी म्हणून मोठ्याने सांगितला. सांगून झाल्यावर लक्षात आले की मी आरामखुर्ची उजवीकडे सरकवून घेतली आहे, डाव्या बाजूला आणखी एक खुर्ची मावेल अशा बेताने.

तिकडे पंखा नीट लागतो म्हणून. पंखा बंद होता, हा तपशील गौण.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

अनपेक्षित सन्मान.

माझ्या मागच्या रांगेत रमाबाई टिपणीस त्यांच्या दोन मैत्रिणींसह ठाण मांडून बसल्या होत्या. या उत्तराच्या भजनी मंडळातल्या, बोलणे तिखट. मी बसतो न बसतो तोच म्हणाल्या, "अहो भावोजी, काल कुठे होतात? आम्ही तीन बाया नुसती माणसं हललेली पाहून घरी गेलो. कोण कुणाचा जावई, कळेना!"

म्हणजे तीन दिवस त्या माझे भाषांतर ऐकत होत्या. वर तक्रार अशी की निम्मे माझ्या मिशीतच राहते. मी म्हटले, मोठ्याने बोलण्यास मनाई आहे. रमाबाई उभ्या राहिल्या आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जगनला म्हणाल्या, "जगन, हे बोलणार. ज्याला इंग्रजी येतं त्याने पुढे जाऊन बसावं."

जगनने दिवे मालवले. यास संमती समजतात.

आजचा चित्रपट कापडगिरणीतल्या मुलींच्या संपाचा. भाषांतर उत्तम वठले. लोक समजत होते की मी कोणा काल्पनिक व्यक्तीशी बोलतो; प्रत्यक्षात मी लोकसेवा करत होतो. एकच गालबोट. रमाबाईंनी तीनदा पाठीवर टोचून सांगितले, "भावोजी, तोंड इकडे करा. तिकडे कोण ऐकतंय?"

शनिवार, १० फेब्रुवारी

रमाबाईंना मागून ऐकू येत नाही. त्यांनी शालीकडे बोट करून विचारले, "मी इथे बसू का?"

मी म्हणालो, "तिथे माणूस आहे."

शब्द निसटला. मला 'खुर्ची राखीव आहे' असे म्हणायचे होते. वाटले, आता सगळा नौपाडा बोलणार. पण रमाबाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "असू दे. पण तिला तुमचं सांगणं पाठ आहे हो. मला नाही."

चित्रपट कसा होता, ते लिहिण्यासारखे नाही. डावीकडून आज काहीच ऐकू आले नाही. मी दोनदा मुद्दाम थांबून पाहिले.

निर्णय : उद्या शेवटचा दिवस, खुर्ची रमाबाईंना द्यायची. केवळ सोयीसाठी. त्यांनी कडेला टेकून बसावे, पूर्ण रेलू नये. मला त्याचे काहीही वाटणार नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

शाल मीच उचलली. रमाबाई बसल्या. पूर्ण रेलून बसल्या.

हॉलचे दिवे मालवले. जगनने अंधारातूनच ओरडून सांगितले की सबटायटल्स असलेली प्रिंट पोहोचलीच नाही, मूळ भाषेतच पाहावे लागेल, सॉरी. चार-पाच जण उठून गेले. रमाबाई मला म्हणाल्या, "आम्हांला काय फरक? तुम्ही आहातच."

मला ती भाषा येत नाही, हे सांगणे प्राप्त होते. परंतु तिघीजणी माझ्याकडे झुकल्या होत्या. आणि सुरुवातीच्याच दृश्यात एक वयस्क बाई व एक वयस्क पुरुष समोरासमोर बसले होते, त्यावरून कथानक मला स्पष्ट कळले.

मी सांगितले : ती बाई आजारी आहे. आज तिला इस्पितळात हलवले आहे. ती त्याला म्हणते, तुम्ही जेवून या, पोळ्या वातड होतील. तो जात नाही. ती म्हणते, बरं, मग परवा सोसायटीत कोणता चित्रपट दाखवला तो सांगा. तो सांगू लागतो.

रमाबाईंनी कुजबुजून विचारले, "मध्येच ही म्हैस कशाला आली?"

मी म्हटले, प्रतीकात्मक आहे.

पुढे सांगितले : तो सांगत राहतो. तिचा हात त्याच्या हातात आहे. गोष्ट मध्यावर येते, तेव्हा तो हात जड होतो. ते त्याला कळते. नर्सला हाक मारायला हवी, हेही कळते. पण गोष्ट अर्धी सोडलेली तिला चालत नसे. म्हणून तो शेवटापर्यंत सांगतो, शेवट सावकाश सांगतो, आणि मग हाक मारतो.

यानंतर चित्रपट बराच चालू होता. माझी गोष्ट संपली होती. कोणी पुढचे विचारलेही नाही.

दिवे लागल्यावर जगनने व्यासपीठावरून सारांश वाचला. एक भाऊ व बहीण, वडिलांची म्हैस विकावी की न विकावी यावरून भांडतात. शेवटी विकत नाहीत. समाजवास्तवाचे मार्मिक चित्रण.

मी उठून हरकत घेणार होतो, की सारांश सदोष आहे. रमाबाईंनी मला बाहीला धरून खाली बसवले. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं ते तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नव्हतंत, भावोजी."

त्या घरापर्यंत सोडायला आल्या. मी नको म्हणालो नाही.

आता हा चित्रपट नोंदवून ठेवावा म्हणून बसलो आहे. निदान म्हशीची हकीकत बिनचूक लिहावी. म्हैस काळी होती की करडी, बहीण थोरली की धाकटी, यांतले एकही सांगता येत नाही. बहुधा आठवडाभर मी पडद्याकडे पाहिलेच नाही.