दोनदा घासलेले ताट

ता. ४ जून

चि. सौ. सूनबाई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईच्या कंबरदुखीस उतार पडला असेल. येण्याची घाई करू नये. माझ्या गरजा त्या किती! दोन सदरे, एक ताट, एक पेला. ताट मी स्वतः घासतो, हे तू जाणतेसच.

मात्र काल चमत्कारिक प्रकार घडला. माझी धाकटी बहीण मुक्कामास आली आहे. मी घासलेले ताट तिने वाढून घेण्यास उचलले आणि हे उष्टे आहे म्हणून नाक मुरडले. मी तिला चांगलेच सुनावले. मागाहून काठावर बोट फिरविले, तर ते चिकटले. तू असताना असे कधी झाले नाही. साबण बदललास काय? खरे ते कळविणे.

तुझे मामंजी

ता. ८ जून

ती. मामंजींना शि. सा. न. वि. वि.

आई आता स्वयंपाकघरापर्यंत येऊन माझ्या हाताला चव नाही म्हणते, म्हणजे बरीच सुधारली!

साबण तोच आहे. खरं विचारलंत म्हणून लिहिते, रागावू नका. तुम्ही ताट पालथं घालून गेलात की मी ते पुन्हा घासायचे. तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही, आणि चष्म्याचं नाव काढलं की तुम्ही दिवसभर अबोला धरता. हे घरात कुणालाच ठाऊक नाही, यांनाही नाही. आत्याबाईंना सांगा, सूनबाईनं साबण हलका आणला. त्या तशाही मला वेंधळीच म्हणतात.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची सूनबाई

ता. १२ जून

चि. सौ. सूनबाई हिस आशीर्वाद.

गेल्या महिन्यात तुझा भाऊ जेवावयास आला असता, मी सर्वांदेखत म्हणालो होतो की माझे काम या घरात कोणास करावे लागत नाही; हल्लीच्या मुलींना मात्र एका ताटाचाही कंटाळा. तू तेव्हा ओट्यापाशी पाठमोरी उभी होतीस. तुझ्या हातात माझेच ताट होते, हे आज उमगले.

साबणाचे नाव मी घेतले नाही. बहिणीस खरे सांगितले. ती पोट धरून हसली. मी हसू दिले. तुझ्या भावासही स्वतंत्र पत्र टाकले आहे, कारण त्याच्यासमोर बोललो होतो.

सुनेची क्षमा कशी मागावी, हे मला कोणी शिकविले नाही. चौथीपर्यंतच्या पुस्तकांत ते नव्हते. म्हणून एवढेच लिहितो, की मी चुकलो. लोभ ठेव असे लिहावयास लेखणी धजत नाही.

मामंजी