झोपेची पुडी

भोकर, ५ फेब्रुवारी

चि. पंढरीस अनेक आशीर्वाद.

सासूबाईंनी सवा महिना माझा मोबाईल कपाटात ठेवलाय, बाळंतिणीचे डोळे जातात म्हणे. म्हणून पत्र. तुझी भाची सृष्टी दिवसभर गुणाची, पण दिवेलागणीला रडं सुरू झालं की थांबत नाही. मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, लालबुंद होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध पिते, वजन वाढतंय, ताप-उलटी नाही. हा पोटशूळ तीन-चार महिन्यांत आपोआप जातो. पाजल्यावर खांद्यावर उभी धरून ढेकर काढायची, हातावर पालथी घेऊन फिरायचं. तसं केलं की जरा निवते. पण घरात कुणाला पटत नाही. सासूबाईंनी येत्या अमावस्येला तिच्या पोटावर तापल्या बिब्ब्याचा चटका द्यायचं ठरवलंय. हे म्हणतात, आई म्हणेल तसं. मला धडकी भरलीय. तू गावोगाव फिरतोस, काही सुचव.

माया आहेच, वेळेवर जेवत जा.
शिवकांताताई

रेणापूर, ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आकाशपाळण्याच्या मालकाशी वाजलं, जळकोट सोडलं. आता इथं रसवंतीवर हाय. मालकाचं कुत्रं ऊस खातं, खरंच! साल काढून द्यावी लागते त्याला. असो, भरकटलो. सासूबाईंना म्हणावं, आधी स्वतःच्या पोटावर चटका घेऊन दाखवा. इथं बाजारात एक बाई पुड्या विकते. चिमूटभर घुटीत दिली की लेकरू गार, म्हणाली. लई गर्दी असती तिच्याकडं. भोकरच्या ट्रकवाल्याजवळ एक धाडून राहिलो. चटका तर टळंल. चार महिने थांबायला कुणाला जमतंय?

लोभ मला, शिव्या दाजींना.
तुझा पंढरी

नांदेड, १३ फेब्रुवारी, दवाखान्यातून

चि. पंढरीस आशीर्वाद.

काल पुडी दिली. सृष्टी रडलीच नाही. सासूबाईंनी तुझं कौतुक केलं, चटका रद्द केला. मीही झोपले रे. उठले तर पदर दुधानं भिजलेला, आणि ही प्यायला उठेना. तळव्याला टिचक्या मारल्या, मान नुसती लोंबली. ओठ निळे. सासूबाई म्हणाल्या, झोपू दे की लेकराला. मी यांना गाडी काढायला लावली. इथले डॉक्टर म्हणतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, अफू असावी. श्वास मोजून राहिलेत. तुझा फोन लागत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा भाऊ रेणापूरला निघालाय, त्याच्या हाती देते. पुडीत काय आहे ते विचार. यांच्या फोनवर कळव. लगेच.
शिवकांता

रेणापूरजवळून, १४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाजींना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, सुई दिल्यावर डोळे उघडले, पण अजून दूध ओढत न्हाई. ती बाई खसखशीची बोंडं, म्हणजे अफूच, उकळून आटवून पुडी करते. हसत सांगितलं तिनं. वर म्हणाली, तुझ्या बहिणीनंच जास्त घातली असंल. मी पुड्या नालीत फेकल्या तर गिऱ्हाईक बायाच अंगावर आल्या. एकीनं त्यातली एक उचलून कमरेला खोचली आणि निघाली. कडेवर लेकरू, मोठ्यानं रडणारं. मी मागंमाग तिच्या गावात आलो. लई विनवलं, माझ्या भाचीचं सांगितलं. तिनं दार आतून लावलं. गावच्या दवाखान्याच्या आशाताईला बोलावणं धाडलंय, ओट्यावर बसून हे लिहून राहिलो. मघापर्यंत लेकराचा आवाज रस्त्यावर येत होता.

आता येत न्हाई. दार तोडतो.

लोभ ठेवशील का, हे विचारायचं धाडस नंतर करीन.
पंढरी