ढोल वाजला तरच चालणाऱ्या नवऱ्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
अपंगत्व पडताळणी समिती,
सेल्वाग्रे खोरे आरोग्य कार्यालय.

विषय : माझे पती दोनातो लोविस्को यांचा बंद केलेला मदतनीस पुन्हा मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७, दि. १९ ऑगस्ट.

महोदय,

१) आपण कळविले की, संत पांतालेओनेच्या मिरवणुकीत माझे पती मूर्ती खांद्यावर घेऊन चालताना फोटोत दिसतात, सबब त्यांना मदतनिसाची गरज नाही. फोटो खरा आहे.

२) अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या संशोधकांनी लोविस्को घराण्याच्या तीन पिढ्यांचे रक्त नेले. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, त्या कामात एक प्रथिन मदत करते. या घराण्यात ते बिघडते, त्याच्या गुठळ्या होतात, आधी हालचाल अडते आणि मग बुद्धी, असे त्यांनी सांगितले. तो अहवाल आपल्याच फाइलमध्ये आहे. मिरवणुकीत मूर्ती दोन दांड्यांवर वाहतात, त्यांतल्या डाव्या दांड्याखालची दुसरी जागाही याच घराण्याची. जागा आणि प्रथिन, दोन्ही माझ्या पतींना वडिलांकडून मिळाले. एक वर्ष खांदा दिला नाही तर जागा दुसऱ्या घराण्याकडे जाते, म्हणून ते मिरवणुकीत गेले.

३) घरी पलंगापासून संडासापर्यंत सात पावले आहेत. चौथ्या पावलाला उंबरा येतो आणि तिथे त्यांचे पाय खिळतात. मिरवणुकीत ढोलाच्या ठेक्यावर पाय आपोआप उचलले जातात. भार पुढे भाऊ व मागे चुलतभाऊ घेतात. हे मी आपल्या डॉक्टरसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, ढोल ऐकून पाय चालतात ना, मग आजार पायांत नाही." आजार पायांत नाही, हेच आम्ही अकरा वर्षे सांगत आहोत.

४) त्या दिवशी देवळाशी ढोल थांबला. मूर्ती आत गेली, फोटोवाले जेवायला गेले. माझे पती उन्हात पाऊण तास तसेच उभे होते. मी दंड धरला, तेव्हा ते अदबीने म्हणाले, "उपकार झाले बाई. आमची आसुंता कुठं दिसली तर सांगा तिला, मी इथंच आहे." आसुंता म्हणजे मीच. लग्नाला चौतीस वर्षे झाली. याचा फोटो कोणी काढला नाही.

५) तरी मदतनीस परत द्यावा. समितीचे मत कायम असल्यास गावच्या बँडची नेमणूक आमच्या घरी करावी : पहाटे, दुपारी व झोपण्यापूर्वी, पलंग ते संडास आणि परत. तुतारीची गरज नाही, ढोल पुरे. शेजाऱ्यांची हरकत नाही, त्यांच्या सह्या जोडल्या आहेत.

६) ढोलाने पाय चालतील. मला ओळखण्यासाठी काय वाजवावे, हे समितीस माहीत असल्यास तेही कळवावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, उंबऱ्याशी उभी,
आपली नम्र,
आसुंता लोविस्को
रोक्कामेंता, दि. २ सप्टेंबर

सोबत :
१. शेजाऱ्यांच्या सह्या (नऊ).
२. आपणच पाठविलेला फोटो. डाव्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन माझ्या पतींमागे धावणारी बाई दिसते, ती मीच, आपला बंद न झालेला मदतनीस.