या नावाची प्रोसिजर आधीच आहे

१४ मार्च, शुक्रवार

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे वजा जाता षडंग समजून घ्यावा.

तुझ्या पत्राबद्दल प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. चार पानांत पूर्णविराम एकच, तोही बहुधा शाईचा ठिपका. त्यामुळे शेजारीण, दाढ आणि तुझा नातू एकाच वाक्यात अडकले असून, दाढ कुणाची काढली हे अन्वय लावूनही कळलेलं नाही. शेजारणीची असेल तर तिला, नातवाची असेल तर त्याला, आणि तुझी असेल तर दाढेला माझी सहानुभूती कळव.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप पुरेशी. गॅलरीचं दार फुगलं होतं, ते सुताराने तासून दिलं.

तू विचारलंस, रक्तपेढीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मी करतो तरी काय. सांगतो. रक्ताच्या पिशवीला मुदत असते. चार दिवसांत बाद होणाऱ्या पिशव्या शोधायच्या, त्यांवर खूण करायची, कोणत्या इस्पितळाला लागतील ते पाहायचं, यादी काढायची. या आज्ञा रोज नव्याने देण्यापेक्षा एकदाच क्रमाने लिहून, एक नाव देऊन डेटाबेसातच ठेवता येतात. तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. मग नुसतं नाव घ्यायचं, सोबत रक्तगट आणि दिवस सांगायचे, बाकीचं ती करते. आपल्या सूत्रांसारखंच, म्हणायला चार अक्षरं आणि आत पानभर अर्थ. क्रम लक्षात ठेवायला नको. नाव आठवलं की झालं.

या मंगळवारी अशी एक लिहायला घेतली. दोन तास मन लावून लिहिली. माथ्यावर टीप म्हणून एक वाक्यही रचलं, ‘क्षयात् पूर्वं दानम्’. स्वतःवर खूश होऊन कळ दाबली, तर डेटाबेस म्हणाला, या नावाची प्रोसिजर आधीच आहे.

तपासणी विभागातल्या बाईंना म्हटलं, “माझ्याआधी इथे कोण पंडित होऊन गेला?”

“तुमचं आपलं काहीतरीच, साहेब. तीन आठवडे मी रोज सकाळी हीच तर चालवतेय. तुम्हीच शेजारी बसून शिकवलीत ना.”

त्या हसल्या. मीही हसलो. मग ती उघडून पाहिली. माझीच होती. ओळीला ओळ तीच, वर माझी आद्याक्षरं, तारीख अठरा फेब्रुवारी, आणि त्याखालीच ‘क्षयात् पूर्वं दानम्’.

तोच विनोद माणसाने दुसऱ्यांदा केला तर वय झालं म्हणून सोडून द्यावं. पण मला तो पहिल्यांदाच सुचला होता, ताई.

नवी पुसून टाकली. कुणाला काही कळलं नाही.

सुताराचंही पूर्ण सांगितलं नाही. तो दोनदा आला. दुसऱ्यांदा दारातच उभा राहून म्हणाला, “काका, हे तर मागच्या रविवारी झालं की. पैसेपण दिलेत.” मीच बोलावलं होतं म्हणे.

ही होती तेव्हा ‘सांगितलंत मघाशी’ म्हणून अडवायची आणि मी चिडायचो. तिला जाऊन वर्ष झालं. या वर्षात मला अडवणारे दोघंच, डेटाबेस आणि सुतार. घरात मी एखादी गोष्ट किती वेळा बोलतो, हे ऐकायला भिंतींखेरीज कुणी नाही.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सोमवारची. चिठ्ठी दाराला चिकटवली आहे.

तुला लिहायचं नव्हतं. बाबांची सात वर्षं तू एकटीने काढलीस आणि मी नोकरीचं निमित्त सांगून नुसती पत्रं पाठवत राहिलो. ते एकच गोष्ट दिवसातून दहा वेळा सांगायचे, आणि तू दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ‘हो का?’ म्हणायचीस.

त्यांचं सुरू झालं तेव्हा ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे होते. मला भीती वाटते. हे सगळं मी तुला याआधीच लिहून पाठवलं आहे का, तेही मला खात्रीने सांगता येत नाही. पाठवलं असेल तर तसं लिही. ‘हो का?’ म्हणू नकोस.

तुझाच,
धाकटा